भिंतीवरचं सीमांतपूजन

“निघालो हो!” भिंतीपलीकडून गणपतराव साळोख्यांची आरोळी आली आणि अक्कानं लगबगीनं चहाचं आधण ठेवलं.

“आत्ताच कशाला ठेवतेस?” मी म्हणालो. “काढा होईल त्याचा.”

“अगं बाई, खरंच की,” म्हणत तिनं गॅस बंद केला.

पाहुणे अक्काच्या परसातल्या भिंतीला लागून असलेल्या घरातून येणार होते. त्यांच्या जीपचं दार आपटलेलं आम्ही ऐकलं. “इंदू, पिशवी घेतलीस का?” हेही ऐकलं. मग जीप सुरू झाली आणि तिचा आवाज आमच्याकडं यायच्या ऐवजी लांब लांब जात विरून गेला. भिंतीतून वाट नव्हती. त्यांना आपल्या वसाहतीतून हायवेला लागायचं, उड्डाणपुलाखालून वळायचं, रेल्वेचं फाटक उघडायची वाट बघायची, मार्केट यार्डाला वळसा घालायचा आणि मग आमच्या वृंदावन पार्कच्या कमानीतून आत शिरायचं, असा प्रवास होता. आणि आत शिरणं म्हणजे पोचणं नव्हे. आमच्याकडं एकदा एक लग्नपत्रिका वाटणारा गृहस्थ शिरला होता, तो बाहेर पडला तेव्हा त्या जोडप्याचं पोरगं बालवाडीत जात होतं.

शहराचं नाव सांगत नाही. माझा एक प्लॉट अजून तिथं विकायचा आहे. पण शहर वाढलं कसं ते सांगतो. तापल्या तव्यावर धिरड्याचं पीठ ओतावं आणि पळी फिरवायलाच विसरावं, तसं ते जिकडं फावलं तिकडं गेलं. ज्यानं त्यानं आपला मळा विकला, ज्यानं त्यानं आपल्या मळ्यापुरते रस्ते आखले आणि बांधाशी आणून सोडले. शेजारच्याचा रस्ता कुठं येतोय हे बघायला कुणी मान वर केली नाही. त्यामुळं प्रत्येक कॉलनी म्हणजे एक बाटली. तोंड एक, बूड बंद. आत गेलेल्यानं आल्या वाटेनं बाहेर पडायचं.

सिंधूअक्काचं घर आमच्या बाटलीच्या अगदी बुडाशी. घराच्या कडेनं आलेला रस्ता सरळ त्या परसातल्या भिंतीला नाक लावून उभा होता. पलीकडं साळोख्यांच्या मळ्यातली वसाहत, ती ग्रामपंचायतीत. आम्ही महापालिकेत. दोन्हीच्या मधोमध भिंत. अक्काच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून पलीकडची इंदूआत्या आपला भात उतरवायची, इतकी शेजारधर्माची माणसं. पण समोरासमोर बसून बोलायचं तर रिक्षा करावी लागायची.

भिंत बांधली होती आमच्या दाजींनी. यशवंतराव फडतरे, म्हणजे अक्काचे यजमान, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष झाल्यावर माणसाला काहीतरी बांधावं लागतं. वर काचांचे तुकडेही त्यांनी स्वतः रोवून घेतले होते. निदान एक दार तरी ठेवा, असं अक्का वर्षानुवर्षं म्हणत होती.

“दार ठेवलं की म्हशी येतात,” दाजींचं ठरलेलं उत्तर.

म्हशी आल्या नाहीत. पण गच्चीवरून गच्चीवर नजर गेली. अक्काची एकुलती एक रेवती गच्चीवर अभ्यासाला बसायची, गणपतरावांचा धैर्यशील पलीकडच्या गच्चीवर जोर मारायचा. जोर वाढत गेले, अभ्यास कमी होत गेला. शेवटी दोघांनी घरी सांगितलं. मुलगा गुणी, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा, दाजींना नाही म्हणायला जागाच नव्हती.

आनंद सगळ्यांना झाला. अक्का मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडली.

“दहा पावलांवर लेक देतेय नाना,” ती मला म्हणाली, “आणि परदेशात दिल्यासारखी आहे.”

हे समजायला अक्काची एक गोष्ट ठाऊक हवी. तिला गाडी लागते. साधीसुधी नाही. झोपाळ्यावर बसली तरी ती लिंबू हुंगते. रेवतीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा दारात उभी असताना ही बया दवाखान्यात चालत गेली, आणि रिक्षा मागून रिकामी आली. आता हायवेवरून, पुलाखालून, ट्रकच्या धुरळ्यातून ती चालत लेकीकडं जाणार कशी? म्हणजे भिंत आहे तोवर लेक दिसायची ती गच्चीवरून.

“दाजींशी बोल की,” मी म्हणालो.

“बोलले. म्हणाले, लग्न एका दिवसाचं असतं, भिंत कायमची असते.”

तर त्या दिवशी बैठकीला पाहुणे पोचले तेव्हा गणपतराव घामानं निथळत होते. तालमीत कसलेलं शरीर, डोक्याला फेटा.

“यशवंतराव, तुमच्या कॉलनीत शिरलो ते बरोबर,” ते म्हणाले. “पर मग तीनदा एकाच घरापुढं आलो. तिसऱ्यांदा त्या बाईनं चहा घ्या म्हटलं, तर घेऊनच आलो.”

“मी म्हटलं हुतं शिडी लावा नि उतरा,” इंदूआत्या म्हणाली. ही गणपतरावांची बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडं राहायची आणि भावावर राज्य करायची. “पर ह्यो म्हंतो, काचा हायती.”

दाजींनी ते ऐकलं न ऐकलं केलं.

बैठक झकास चालली. लग्न कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घालून करायचं, कारण अक्का कुठल्या कार्यालयात जाणार? जेवणावळ ठरली, मानाचे आहेर ठरले. गणपतराव सगळ्याला “तुम्ही म्हणाल तसं” म्हणत होते. सुपारी फोडायला आता अडकित्ता हातात घ्यायचा, एवढ्यात आत्याबाई म्हणाल्या,

“आनि सीमांतपूजन कुठं?”

“मांडवाच्या दारात,” दाजी म्हणाले. “सगळे करतात तसंच.”

“मांडवाचं दार म्हंजे शीव का हो?”

“म्हणजे?”

“न्हाई, मी अडाणी. आपलं इचारती. नवरदेवाचे पाय धुवायचे ते शिवंवर. गावाच्या शिवंवर सामोरं जायचं, पाय धुवायचे, मान द्यायचा, मग गावात आणायचा. आमच्या घरात चार पिढ्या शिवंवरच धुतल्यात पाय. मांडवाच्या दारात चपला धुत्यात.”

गणपतरावांनी बहिणीकडं जरा चमकून बघितलं. तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी फेटा सारखा केला.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “चार पिढ्या.”

दाजी नियमाचा माणूस. नियम म्हटला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. “हरकत नाही. शिवेवर करू. महापालिकेची हद्द जिथं संपते तिथं...” आणि बोलता बोलता ते थांबले.

“कुठं संपती?” आत्याबाईंनी अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

सगळ्यांच्या माना परसाकडं वळल्या. भिंतीवर एक कावळा काचांमधून पाय जपत चालला होता.

“म्हणजे भिंत पाडायची म्हणता?” दाजींचा आवाज चढला.

“मी कुठं काय म्हटलं? मी शीव म्हटलं.”

“भिंतीला हात लागणार नाही!”

“तर मग सुपारी ऱ्हाऊ द्या,” म्हणत आत्याबाई पदर सावरत उठायला लागल्या. रेवती दाराआड पांढरी पडली. अक्का खाली बघत होती. गणपतराव “बस गं, बस” म्हणत होते, पण ती बसण्यातली नव्हती. पोरीचं लग्न डोळ्यांदेखत मोडायला निघालेलं. मुहूर्त काढायला बोलावलेल्या गुरुजींकडं मी बघितलं. गुरुजी बैठकीचं जेवण हुकतंय की काय या काळजीत होते.

“भिंतीवर बसवला नवरदेव तर?” मी बोलून गेलो.

“शास्त्रात भिंतीविरुद्ध काही नाही,” गुरुजी ताबडतोब म्हणाले.

“अर्धा हद्दीत, अर्धा हद्दीबाहेर,” मी म्हणालो. “याहून शीव ती कुठली?”

दाजींनी मांडीवर थाप मारली. “ठरलं! शिवेवर तर शिवेवर. भिंतीची एक वीट न हलवता करून दाखवतो.”

सुपारी फुटली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जो प्रकार झाला तो मी अनेकांना सांगितला आहे आणि कुणी विश्वास ठेवत नाही. मांडववाल्यानं भिंतीच्या दोन्ही बाजूंना बांबूची परांची बांधली. काचांवर पोती, पोत्यांवर गादी, गादीवर चांदीच्या फुल्यांचा पाट. धैर्यशील पलीकडच्या शिडीनं वर आला, पाटावर बसला आणि पाय आमच्या हद्दीत सोडले. जोर मारणारा गडी, पण उंचीची त्याला धास्ती. एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातानं माझा कान धरून बसला होता. पलीकडच्या परांचीवर गणपतराव, फेट्याचा तुरा वाऱ्यावर. अलीकडच्या परांचीवर दाजी, तबक घेऊन मी, आणि अक्का. अक्काला उंची चालते, फक्त चाकं चालत नाहीत. गुरुजी शिडीच्या मधल्या पायरीवर अडकून मंत्र म्हणत होते. पलीकडं बँडवाले, वऱ्हाड आणि खालून आत्याबाई.

“नीट धुवा हो! टाचा ऱ्हातायत!”

“दिसतंय का तुम्हाला?” दाजी वरून ओरडले.

“दिसत न्हाई. पर म्यानेजर लोकांचं हात मला म्हाईत हायती.”

दाजींनी तांब्यावर तांब्या ओतला. पाणी नवरदेवाच्या पायांवरून भिंतीवर आणि भिंतीवरून तिच्या बुडाशी मुरत गेलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्या भिंतीत सिमेंटपेक्षा दाजींचा आत्मविश्वास जास्त होता.

गंध लागलं, ओवाळणी झाली, आहेर झाला. आत्याबाई म्हणाल्या, “आता व्याहीभेट.”

आमच्या भागात व्याहीभेट म्हणजे नुसती गळामिठी नव्हे. दोघा व्याह्यांनी एकमेकांना उचलायचं असतं. जो उचलेल त्याच्या बाजूची माणसं टाळ्या पिटतात. शहरात आल्यावर लोक उचलल्यासारखं करतात. पण गणपतराव तालमीतले, त्यांना ‘केल्यासारखं’ येत नव्हतं. भिंतीवरून हात टाकून त्यांनी दाजींना कवेत घेतलं आणि हुं म्हणून उचललं. दाजींचे पाय परांचीवरून सुटले. पलीकडून टाळ्या पडल्या.

“सोडा!” दाजी ओरडले. “मी हद्दीबाहेर चाललोय!”

आणि हद्दीबाहेर जायचं नाही म्हणून त्यांनी दोन्ही पायांनी भिंतीलाच अढी घातली. गणपतरावांना वाटलं व्याही जोर लावतोय, त्यांना आणखी चेव आला. त्यांनी दाजींना ओढलं, दाजींनी भिंतीला ओढलं.

भिंत पडली असं लोक म्हणतात. मी बघितलंय, भिंत पडली नाही. बसली. म्हैस बसते तशी. आधी पुढचे गुडघे टेकले, जरा विचार केला, मग मागचं अंग सोडलं आणि एक मोठा श्वास टाकून खाली बसली. दोन्ही परांच्या जागच्या जागी उभ्या. नवरदेव गादी-पाटासकट इतक्या सावकाश उतरला की त्याच्या मांडीवरची अक्षतसुद्धा सांडली नाही. माझा कान मात्र तेव्हापासून असा आहे. दाजी गणपतरावांच्या मिठीत लोंबकळत होते.

धुरळा खाली बसला आणि बँडवाले वाजवायचे थांबले.

समोर सरळ रस्ता होता. आमचा रस्ता जिथं संपत होता तिथंच त्यांचा सुरू होत होता. जराही तिरका नाही, वर नाही, खाली नाही. आमचे विजेचे खांब आणि त्यांचे खांब एका ओळीत. अक्काच्या दारापासून थेट साळोख्यांच्या विहिरीपर्यंत नजर जात होती. इतकी वर्षं दोन्हीकडची माणसं ज्या रस्त्याचा अर्धा अर्धा तुकडा वापरत होती, तो एकच रस्ता होता.

मग वऱ्हाडातून वाट काढत एक म्हैस आली. विटांवरून शांतपणे पाय टाकत महापालिका हद्दीत शिरली, दाजींच्या कुंडीतलं शेवंतीचं रोप तोंडात घेतलं आणि रवंथ करत पुढं गेली.

“लक्ष्मी आली बघा!” आत्याबाई म्हणाल्या आणि तिच्यामागून पहिलं पाऊल त्यांनी टाकलं. बँड परत सुरू झाला.

“परवा सकाळी गवंडी येईल,” गणपतरावांच्या खांद्यावरूनच दाजींनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी गाडी दारात सजवून उभी होती.

“गाडी कशाला?” मी दाजींना म्हणालो. “हे बघा सासर. पोरगी हाक मारली तर ओ देईल.”

“माझी मुलगी भगदाडातून सासरी जाणार नाही,” दाजी म्हणाले. “मुख्य कमानीतून जाईल. मानानं.”

म्हणजे निघालो. मामा म्हणून मी पाठराखणीला गाडीत बसलो. अक्का लेकीच्या गळ्यात पडून अशी रडली की मांडववालासुद्धा दोरी सोडायची थांबला. रेवती कमानीपर्यंत रडली, हायवेला रडली, उड्डाणपुलाखाली रडली. फाटक बंद होतं, तिथं मालगाडीचे डबे मोजत रडली. धैर्यशीलनं तिला रुमाल दिला, मग माझा रुमाल दिला, मग ड्रायव्हरनं काच पुसायचं फडकं पुढं केलं.

“मामा,” ती हुंदके देत म्हणाली, “आई आता एकटी पडली हो. घरात बसून काय करत असेल ती?”

साळोख्यांच्या दारात गाडी थांबली. उंबऱ्यावर धान्याचं माप ठेवलेलं. इंदूआत्या भाकरतुकडा घेऊन उभ्या. आणि त्यांच्या शेजारी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती आमची अक्का. साडी बदललेली, डोळे पुसलेले, केसांत ताजा गजरा.

रेवतीचं तोंड उघडं राहिलं. “आई?”

“किती उशीर!” अक्का म्हणाली. “भात निवला की सगळा.”

नवरीनं माप ओलांडताना हसू नये म्हणतात. ती इतकी हसली की माप लाथेनं पार मागच्या खोलीत गेलं.

सगळे आत गेल्यावर मी आत्याबाईंना गाठलं. “काय हो, तुमची ही शिवेची रीत मोठी बळकट. चार पिढ्या म्हणालात?”

“छे!” मागून गणपतरावच म्हणाले. “आमच्यात मांडवाच्या दारातच करत्यात. माझे बी तिथंच धुतले. इंदू म्हणाली तसं मी म्हटलं.”

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी पदराआड तोंड केलं.

“मला नको इचारू बाबा. तुझ्या अक्काला इचार. पिढ्या तिनंच मोजून दिल्यात, भिंतीवरनं. मी तर दोनच म्हणणार हुते.”

अक्का शांतपणे लेकीला मिळालेल्या हळदीकुंकवाच्या वाट्या पुसत होती. माझी सख्खी बहीण. आयुष्यभर थापा मी मारल्या आणि नाव माझं झालं. तिनं एकच मारली, ती भिंत पाडून गेली.

सोमवारी गवंडी आला. सिमेंटची पोती, वाळू, घमेली, सगळं घेऊन. दाजी हातात टेप घेऊन उभे. पलीकडं साळोख्यांच्या घरी पूजा होती, पुरणाचा वास थेट आमच्या कॉलनीत येत होता. अक्का उजाडताच विटा ओलांडून तिकडं मदतीला गेलेली.

गवंड्यानं दोरी बांधली, पहिल्या थराला माल कालवला आणि मान वर केली. “साहेब, वहिनी पलीकडं दिसतायत. थांबू का?”

“सिंधू!” दाजींनी हाक मारली. “ये बघू अलीकडं. काम सुरू करायचंय.”

अक्का तिकडच्या ओट्यावर पोळी लाटत होती. तिनं मानही वळवली नाही. “करा की. मी कुठं आडवी आलेय?”

“अगं, मग परत कशी येशील तू?”

“नाही येणार.”

“म्हणजे?”

“रिक्षात बसवत नाही मला. हायवेनं चालवत नाही. मग इथंच राहीन. ह्यांच्याकडं खोली आहे मोकळी. काय हो इंदूताई?”

“दोन हायती,” आत्याबाई म्हणाल्या.

गवंडी थापी हातात धरून एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघत होता. घमेल्यातला माल घट्ट व्हायला लागला. ऊन चढलं. दाजींनी टेप ओढली, सोडली, ओढली, सोडली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले,

“माझ्या जेवणाचं काय केलंयस?”

“काही नाही केलं. इथं पोळ्या आहेत. या.”

“लेकीच्या घरी इतक्यात जेवत नाहीत. रीत आहे.”

“घरात नका येऊ की मग!” आत्याबाई ताट घेऊन तरातरा बाहेर आल्या, थेट भिंतीच्या जागेपर्यंत. “शिवंवर बसा. शिवंवर जेवायला कुठल्या शास्तरात बंदी हाय?”

दाजींनी बराच वेळ ताटाकडं बघितलं. तुपाचा वास फार वाईट असतो. शेवटी त्यांनी धोतर सावरलं, पडलेल्या भिंतीच्या ढिगावर बसले आणि पहिला घास घेतला. मग मी बसलो. गणपतराव पलीकडून आले आणि बसले. रेवती वाढायला आली, सासरचा पदर डोक्यावर घेऊन, अगदी बापाच्या पुढ्यात. दाजींनी खाली मान घालून आणखी एक पोळी घेतली, आणि मग आणखी एक.

सगळ्यांच्या शेवटी गवंडी जेवला. हात धुऊन आला आणि म्हणाला, “साहेब, माल तर दगड झाला. आता ह्या विटांचं काय करू? उचलू का?”

दाजींनी ढेकर दिली.

“राहू देत,” ते म्हणाले. “बसायला होतात.”